काळजीखोर बाई

"बाई, पेला काठोकाठ भरा. त्या पलीकडं साहेब बसलेत ना, त्यांच्या हातात नेऊन द्या. एक थेंब सांडायचा न्हाय."

हे आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष बोलले. सगळे त्यांना दादा म्हणायचे. येडशी रस्त्याला त्यांचा मळा. जानेवारीतली दुपार, आगटीचा धूर, हुरडा खायला बोलावलेले जिल्ह्याचे अधिकारी. आणि वाढायला आम्ही, त्यांच्या शाळेतले शिक्षक. पुरुष शिक्षक कणसं चोळत होते. आम्ही बाया दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी घेऊन ओळीनं फिरत होतो. याला आमच्याकडं वेठ म्हणत नाहीत. 'दादांकडं हुरड्याला गेलो होतो' असं म्हणतात.

मी पेला ताकानं भरला आणि निघाले.

"आता बगा हां," दादा पाहुण्यांना म्हणाले. "इंग्रजीच्या बाई हायत. एम.ए. झालेल्या. पण हात बगा. भूकंप!"

ज्या जिल्ह्यात भूकंपानं गावंच्या गावं गाडली, तिथं हा विनोद झाला आणि सगळे हसले. साहेब हसले. आमचे मुख्याध्यापक हसले. ताक माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. साहेबांच्या हातात पेला गेला तेव्हा तो अर्धा होता.

"अर्धं तर बाईच प्याल्या की!" कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसू.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते.

बाळांनो, तुम्हा नातवंडांना मी हे इंग्रजीत लिहू शकले असते. आयुष्यभर तेच शिकवलं. पण हसणारे मराठीत हसले, म्हणून मीही मराठीतच लिहिते. वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी जन्मापासून काळजीखोर आहे. नळदुर्गला आमच्या घरी पाहुणे आले की मी आईच्या पदराआड. माझी धाकटी बहीण त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली वाढली, आणि ती पाहुण्यांच्या मांडीवर. कुणी आम्हाला असं शिकवलं नव्हतं. ती तशी होती, मी अशी. एसटीच्या वेळेआधी मी तासभर स्टँडवर. कुलूप लावलं की पुन्हा ओढून बघणार. चार माणसांत बोलायचं म्हटलं की हाताला कंप.

या स्वभावानं माझं फारसं काही बिघडवलं नाही. त्यावर मी संसार केला, तुमच्या बाबाला वाढवलं. वर्गात माझा हात कधी कापला नाही, कारण मुलांची मला भीती वाटत नसे. डबा न आणलेली मुलगी मला दारातूनच कळायची. पेपर तपासताना एक गुण इकडचा तिकडं झाला नाही. ज्याला काळजी असते त्याचं लक्षही असतं. पहिली काही वर्षं हे असंच चाललं.

मग संस्थेला या स्वभावाचा उपयोग कळला.

"वेळापत्रक बाईंना द्या. परीक्षा बाईंना द्या. तपासणीच्या फायली बाईंना द्या. त्यांना पुरं झाल्याबिगर झोप न्हाय येत." मुख्याध्यापक हे सगळ्यांसमोर बोलत आणि ते कौतुक वाटावं अशा सुरात बोलत. मीही ते कौतुक समजून घरी नेत असे. बाकीचे शिक्षक पाचला गाडीला किक मारत. मी दिवेलागणीपर्यंत शाळेत. आणि दादांकडं कार्यक्रम असला की पेला. एकदा घाबरून माझ्या हातून पाणी सांडलं होतं, तेव्हापासून त्यांना तो खेळच सापडला. नवा पाहुणा आला की "आमच्या बाईंची गंमत दावतो." मी जायचे. नाही म्हणायचं धाडस नव्हतं. इतकं सोपं आहे ते.

त्या हुरड्याच्या दिवशी कुणीतरी मोबाइल धरला होता. संध्याकाळी माझा हात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. नुसता हात आणि पेला. खाली हसून रडणारे पिवळे चेहरे. त्यातला एक चेहरा माझ्याशेजारी बसणाऱ्या बाईंचा होता. रोज माझ्या डब्यातलं वांगं त्या उचलून घेत. दुसऱ्या दिवशीही त्यांनी घेतलं.

त्यानंतर मी आजारी पडले.

आजारी म्हणजे काय, ते नीट सांगते. लोक 'मन दुखावलं' म्हणून मोकळे होतात, म्हणून सांगते. रविवारी दुपारपासून छातीत धडधड. घास गिळवेना. पहाटे डोळे उघडत ते पुन्हा मिटत नसत. मग एक दिवस धडधडही थांबली. काहीच वाटेना. भाकरी मातीसारखी. तुमच्या बाबाचा फोन वाजायचा आणि मी त्याच्याकडं बघत बसायचे. नववीच्या वर्गात फळ्यासमोर उभी राहिले आणि खडू उचलायचा कशासाठी हेच आठवेना. एका मुलीनं उठून माझ्या हाताला धरून मला खुर्चीवर बसवलं.

धाराशिवला मनोविकारतज्ज्ञ बाईंकडं मी एकटी गेले. तुमच्या आजोबांनी "लोक काय म्हणतील" म्हणून रिक्षाही कोपऱ्यावरच थांबवायला सांगितली होती. डॉक्टर तरुण होत्या, इथल्याच मातीतल्या. मी त्यांना म्हणाले, "मी पहिल्यापासून अशीच आहे. निरुपयोगी. कधी आनंदी नव्हतेच."

"कधीच न्हवता?"

"कधीच."

"मुलगा झाला तेव्हा?"

मी आठवायला गेले. आठवेना. म्हणजे प्रसंग आठवला, पण त्यातली मी आठवेना.

"हा आजार बोलतोय, बाई," त्या म्हणाल्या. "डिप्रेशनमध्ये माणूस मागचं सगळं आयुष्य त्याच रंगात बघतो. आत्ता तुम्ही स्वतःबद्दल जे सांगाल ते मी तुमचा स्वभाव म्हणून लिहून घेणार नाही. बरं वाटल्यावर पुन्हा विचारीन."

मग मी विचारलं तो प्रश्न, ज्याची मला लाज वाटत होती. माझ्या स्वभावामुळंच हे झालं का?

त्यांनी खोटा धीर दिला नाही. काळजी करणाऱ्या, लवकर घाबरणाऱ्या माणसांना हे आजार होण्याचा संभव जास्त असतो, असं स्पष्ट सांगितलं. लाजाळूपणा, चटकन मनाला लागणं, सगळं स्वतःच्या अंगावर घेणं, यांनी तो संभव वाढतो. पण संभव म्हणजे आजार नव्हे. असे कितीतरी लोक म्हातारे होऊन मरतात आणि त्यांना कधी काही होत नाही. आणि ज्यांना कधी काळजी माहीत नव्हती असेही मोडतात.

"तुमचं रान काळं आहे," त्या म्हणाल्या. "पाणी धरून ठेवणारं. पाणी साचलं की लवकर चिबडतं. पण मला सांगा, पाणी कुणी सोडलं?"

मी घरी आले. शाळेतून रजा घेतली, गोळ्या सुरू झाल्या. त्या मला लागल्या, अजूनही एक लागते. महिने गेले, मग भाकरीला हळूहळू चव आली. आणि एक दिवस, कपडे वाळत घालताना, तुमचा बाबा जन्मला त्या सकाळचा आनंद आठवला. सगळाच्या सगळा. मी दोरीला धरून उभी राहिले. मी अशी नव्हते. पहिल्यापासून अशी नव्हते. हे मला माझ्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

माझी रजा संपत आली तेव्हा गावात बोलणं सुरू झालं होतं. शाळेत छळलं म्हणून बाईंना वेड लागलं, असं पालक बोलत. ते शिक्षण विभागापर्यंत गेलं. दादांचा निरोप घेऊन मुख्याध्यापक घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "मॅडम, सोमवारी हजर व्हा. दहावीचा वर्ग तुमचाच. फक्त स्टाफरूममध्ये दादांसमोर दोन वाक्यं बोलायची. की आजाराचा संस्थेशी संबंध न्हाय. माझा स्वभावच पहिल्यापासून असा. संपला विषय."

"आणि नाही बोलले तर?"

"तर मग तुमच्या तब्येतीला वर्ग झेपंल का, याचा विचार संस्थेला करावा लागंल."

मला तो वर्ग हवा होता. इतका हवा होता की रात्रंदिवस तेच. मला खडू उचलून दाखवायचा होता, आता दहावीत आलेल्या त्या मुलीसमोर, जिनं मला खुर्चीवर बसवलं होतं. निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष होतं ते.

तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, बोलून टाक की. तुझ्या अंगाला काय भोकं पडणारेत? आणि खोटं काय त्यात? स्वभाव तुझा तसा आहेच की."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. दादांच्या पेल्यापेक्षा जास्त. कारण या माणसानं माझी तीस वर्षं पाहिली होती.

सोमवारी स्टाफरूम भरली होती. दादा मधल्या खुर्चीत. कुणीतरी त्यांना नारळपाणी आणून दिलं होतं. डब्यातलं वांगं उचलणाऱ्या बाई खिडकीजवळ, मान खाली.

"या बाई. बरं वाटतंय ना? बोला दोन शब्द. घाबरू नका, घरचीच माणसं हायत."

मी उभी राहिले. हात कापत होता, तो मी पदरात लपवला नाही. बोलायचं ठरवून आले होते का? खरं सांगते, नव्हते. दाराशी येईपर्यंत मी ती दोन वाक्यं पाठ करत होते. पहिलं वाक्य तोंडाशी आलं. 'माझा स्वभाव पहिल्यापासून' इथपर्यंत आलं. आणि मला ती कपड्यांची दोरी आठवली.

मी म्हणाले, "माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीचा आहे. त्या स्वभावावर या शाळेनं वर्षानुवर्षं कामं करून घेतली. आजार पहिल्यापासूनचा नाही. तो इथं झाला. दादा, त्यात तुमचा वाटा आहे."

दादा हसले. त्यांचं ते हसू मी अजून विसरले नाही, कारण त्यात राग नव्हता. ढेकूण चिरडताना माणसाला राग येत नाही, तसं.

"डोक्यावर परिणाम झालाय अजून," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. माझ्याकडं बघितलंही नाही. "बाईंना आराम द्या."

मला वर्ग मिळाला नाही. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत, तुटक्या बाकांमध्ये एक खुर्ची टाकून दिली. सही करायची आणि बसायचं. निवृत्तीपर्यंत. पलीकडच्या भिंतीतून दहावीचा इंग्रजीचा तास ऐकू यायचा. नवे सर चुकीचे उच्चार शिकवायचे. मुलांना माझ्याशी बोलायची बंदी होती. ती मुलगी दारावरून जाताना मान वळवायची, पण थांबायची नाही. तिच्यावर माझा राग नाही. निरोप समारंभ झाला नाही. शेजारच्या बाईंनी कधी माफी मागितली नाही. आजार एकदा उलटलाही, त्या खोलीतच. पुन्हा डॉक्टर, पुन्हा गोळ्या. खरं बोललं की माणूस बरं होतं असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी खरं बोलले आणि पुन्हा आजारी पडले. तरी ते वाक्य मला परत घ्यावंसं वाटलं नाही. एकदाही नाही.

आता हे सगळं आत्ता का लिहिते ते सांगते.

गेल्या महिन्यात तुमच्याकडं पाहुणे होते आणि व्हिडिओ कॉलवर मी होते. थोरले, तू आतल्या खोलीत होतीस. तुझ्या आईनं तुला दंडाला धरून बाहेर आणलं, सगळ्यांच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाली, "बोल ना गं आजीशी! हिचा स्वभावच असला, आजीवर गेलीये. एक दिवस हिलाही गोळ्या लागणार बहुतेक." पाहुणे हसले. तुझा बाबाही हसला. तुझा चेहरा माझ्या पडद्यावर अगदी जवळ होता.

मी तिथंच म्हणाले, पाहुण्यांच्या देखत, "अगं, तिला आत जाऊ दे. माझ्या नातीला परत कधी कुणासमोर उभं केलंस, तर मी तुझ्या घरची पायरी चढणार नाही. आणि का चढत नाही ते विचारेल त्याला सांगेन." तुझी आई रडली. रडू दे. तुझ्या बाबानं नंतर फोन करून मला समजावलं की ती चेष्टा होती. त्यालाही मी हेच पुन्हा ऐकवलं.

थोरले, तुला कधीच काही होणार नाही, असं वचन मी देत नाही. मला ते माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. तुझा स्वभाव तुझा आहे. तो बरा करायची गरज नाही. आजार झालाच तर औषध घे, उजेडात घे.

बाकीचं माझ्याकडं लागलं. मी जिवंत आहे तोवर या घरात कुणाच्या घाबरण्याचा खेळ होणार नाही. मुलगा असो, सून असो, तुमचे आजोबा असोत. जो हसेल, त्याला मी भरल्या पंगतीतून उठवीन आणि सगळ्यांसमोर विचारीन की तू हिला काय केलंस. उत्तर मिळेपर्यंत त्याला परत बसू देणार नाही.