नदीकडे तोंड केलेली कपबशी

ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. गुडघ्याच्या दुखापतीमुळे मी पोलीस दलातून लवकर निवृत्त झाले. नोकरी तशी थोडीच झाली. पण निवडणुका जवळ आल्या की गडचिरोली जिल्ह्यातलं ते नदीकाठचं गाव आठवतं आणि तिकडे जावंसं वाटतं.

विधानसभेची आचारसंहिता लागली होती. मी ठाण्यात उपनिरीक्षक होते. सकाळची हजेरी चालू असताना भरारी पथकाने काढलेले फोटो आले. मासेमारी करणाऱ्या त्या गावात काही घरांच्या भिंतींवर निळीने कपबशी काढलेली होती. कपबशी हे एका अपक्ष उमेदवाराचं चिन्ह. त्याने परवानगी घेतलेली नव्हती, खर्चही दाखवलेला नव्हता. मी त्याला बोलावून घेतलं. तिशीतला, मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. हाताला ऑइल तसंच होतं.

"मॅडम, त्या गावात मले कुत्रंबी ओळखत नाई," तो म्हणाला. "माझ्यावर काऊन गुन्हा टाकून राह्यले?"

तो खरं बोलतोय असं वाटलं. पण वाटण्यावर अहवाल लिहिता येत नाही. चित्रं कोणी काढली हे कळलं नाही, तर गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला असता.

हवालदारांना घेऊन मी गावात गेले. घरमालकांना ग्रामपंचायतीत बसवलं. ठाण्यात सहसा कोणी काही कबूल करत नाही. इथे उलटंच झालं.

"मीच काढली," पहिला म्हणाला.

"माह्या घरावर मी," दुसरा म्हणाला.

"माहं बी नाव लिवा," मागून एक बाई म्हणाली.

हवालदार वैतागले. "लग्नाचा आहेर हाय का हा, नावं लिवून राह्यले ते? त्या कपबशीवाल्यानं चहा तरी पाजला का तुमाले?"

"आमीच पाजाले पाह्यजे होता," एक म्हातारा म्हणाला आणि खाली बघू लागला.

सगळेच कबूल करतात तेव्हा ते कोणालातरी झाकत असतात. माझा स्वभाव कमी बोलण्याचा. मी उठून गावातून एक फेरी मारली. रस्त्यावरून एकही कपबशी दिसत नव्हती. सगळ्या घरांच्या मागच्या भिंतींवर होत्या, नदीकडे तोंड करून. मतदारसंघाची पुनर्रचना झाल्यापासून पलीकडच्या काठावरची गावं दुसऱ्या मतदारसंघात गेली होती. पूल झाल्यावर घाटावरून ये-जाही थांबली होती. म्हणजे हा प्रचार एकाही मतदाराला दिसणार नव्हता.

घाटावर साठीची एक बाई जाळं विणत बसली होती.

"बाई, ही कपबशी कोणाला दाखवायची आहे?"

तिचा हात थांबला नाही. "माह्या भावाले."

दोन्ही काठ एकाच मतदारसंघात होते, तेव्हा तिचा भाऊ तलावांवरच्या मासेमारीच्या हक्कासाठी अपक्ष उभा राहिला होता. चिन्ह कपबशी. डोंग्याने, म्हणजे लहान होडीने, आणि सायकलने तो गावोगाव फिरला. आपल्या गावात मात्र त्याने मत मागितलं नाही. मागायची गरजच काय? मोजणीत केंद्रानुसार आकडे निघाले, तेव्हा परक्या गावांनी त्याला मतं दिली होती, स्वतःच्या गावाने जवळजवळ नाहीच.

"सगळ्यायले वाटलं, घरचाच माणूस हाय, बाकीचे देतीनच," ती म्हणाली. "आपलं एक मत दुसऱ्याले देल्लं तर काय बिघडते? मी सख्खी बहीण. मी बी दुसऱ्यालेच देल्लं."

भाऊ घरी आला, जेवला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी डोंग्याने पलीकडे गेला. सिरोंचाकडे कोणाला तरी दिसला म्हणतात. तेव्हापासून प्रत्येक विधानसभेला गाव कपबशी काढत होतं; यंदा पहिल्यांदाच ते चिन्ह दुसऱ्या कोणाला मिळालं, म्हणून ते नजरेत आलं. या दिवसांत त्याला गावाची याद येत असेल, आणि गेला तिकडूनच तो येईल, म्हणून.

मी भाऊ बेपत्ता असल्याची मिसिंग दाखल करायला सांगितलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "तो हरपला नाई, मॅडम. रुसला हाय. रुसलेल्याची मिसिंग लिवता का तुमी?"

मग मी तिला त्या दुकानवाल्याबद्दल सांगितलं. चित्रं राहिली तर त्याचं काय होईल, तेही सांगितलं. तिने हातातली गाठ आवळली आणि विचारलं.

"त्याच्या गावचे तरी हायेत का त्याच्या मांगं?"

"माहीत नाही."

ती जाळं ठेवून उठली. घरातून चुन्याची बादली आणली आणि स्वतःच्या भिंतीपासून सुरुवात केली. दुपारपर्यंत सगळ्या भिंती पांढऱ्या झाल्या. मी सर्वांचे जबाब घेतले. उमेदवाराचा संबंध नसल्याचा अहवाल गेला आणि गावाला समज देऊन प्रकरण मिटलं.

मतमोजणीच्या दिवशी मी बंदोबस्ताला होते. त्या गावाच्या केंद्राचे आकडे आले, तेव्हा जवळजवळ सगळी मतं कपबशीला होती. बाकी सगळीकडे तो दुकानवाला आपटला, अनामत गेली. तो माझ्याकडे आला. "मॅडम, तिथं माह्यं कोण हाय?"

"जाऊन ये," मी म्हटलं. "पण रस्त्यानं नको, डोंग्यानं जा."

तो गेला की नाही, मला कळलं नाही. माझी बदली झाली.

कोणी केलं, हे शोधायला आम्हाला शिकवतात. कोणासाठी केलं, हे विचारायला मी त्या घाटावर शिकले. वर्तमानपत्रात मतदारसंघाचा इतिहास छापून येतो, त्यात निवडून आलेल्यांची नावं असतात. मी मात्र सिरोंचाहून आलेल्या एसटीतून उतरणारे म्हातारे बघत राहते. एखाद्याजवळ जाऊन विचारावंसं वाटतं, भाऊ, तुम्ही कधी निवडणुकीला उभे होता का? गावानं दुसऱ्या खेपेला मत दिलंय, हे त्याला सांगायचं राहिलं आहे.