डिलीटवरून उचललेलं बोट

मंडळी, मला दिसत नाही. अंबरनाथच्या आमच्या महिला मंडळाची भजनं मीच कीबोर्डच्या शॉर्टकटनी एडिट करते. स्क्रीनवरचं कॉम्प्युटर बोलून सांगतो, मी रेकॉर्डिंगमधले खोकले नि खुर्च्यांची खरखर कापते.

आज ऐकलं, भजन संपल्यावरही रेकॉर्डिंग चालूच राहिलेलं. मंडळातल्या सुलभाताई कुणाला तरी म्हणत होत्या, "शिवमंदिराच्या सहलीचं मॅडमना सांगू नकोस हं. हात धरून कोण फिरवणार?" मग हशा. मॅडम म्हणजे मी.

शिफ्ट दाबून तेवढा तुकडा सिलेक्ट केला. डिलीटवर बोट ठेवलं आणि उचललं. यांचं बोलणं मी का झाकू? फाईल तशीच ग्रुपवर पाठवली.

सगळ्यांचे अंगठे आले. सुलभाताईंनी तर "व्वा, मस्त!" लिहिलं.

म्हणजे शेवटपर्यंत कोणीच ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐकता का हो?