राजीनाम्याच्या टाळ्या

नगरपालिकेच्या निवडणुकीत आमचा पक्ष सपाटून आपटला, तेव्हा मध्य प्रदेश हे नाव अजून नवंकोरं होतं. मी शाळेत मास्तर आणि उरल्या वेळात पक्षाचा चिटणीस. अध्यक्ष होते इतवारा पेठेतले एक कापडवाले शेठजी. माणूस भला, पण भाषणाला उभे राहिले की ऐकणाऱ्यांच्या पायाला मुंग्या येत. पक्षातलेच दापोरा गावचे केळीवाले पाटील उघड म्हणत, "यायच्या भाषनानंच मतं पळाली." पंधरा दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. मला मनातून अध्यक्ष म्हणून पाटीलच हवे होते, कारण त्यांचं भाषण पाच मिनिटांत आटोपे.

पक्षाच्या सभेच्या दिवशी सकाळीच शेठजींनी मला गाठलं. "गुरुजी, मी पद सोडतो म्हनतो. लोकं हात धरतीनच. लईच आग्रह झाला तर मानून घेईन."

सभेत अर्धे लोक हिंदी बोलणारे, म्हणून ते हिंदीत म्हणाले, "भाइयो, मैं राजीनामा देता हूँ." आणि खुशाल डोळे पुसले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका सूतवाल्यानं पाटलांना मिठीच मारली. "वाह शेठजी! झगडा खतम!"

मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. आमच्याकडच्या कोर्टातल्या हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता. बोलणं हिंदीतलं, म्हणून शेठजींनी पाटलांशी जुळवून घेतलं, असंच मराठी बोलणाऱ्यांसकट सगळे समजले. दोन्ही अर्थ ठाऊक असलेला मी चिटणीस, मान खाली घालून गालातल्या गालात हसत होतो. शेठजी क्षणभर थांबले, टोपी चढवली आणि जिना उतरून गेले.

"अरे, कहाँ चले?" कुणीतरी ओरडलं.

"पद सोडलं त्यांनी," मी म्हणालो.

"इस्तीफा? तो इस्तीफा बोलना था ना!" दोघंतिघं त्यांच्यामागं धावायला उठले.

"राहू द्या, मानी माणूस आहे, आता येणार नाही," मी म्हणालो. घटकाभरात पाटील अध्यक्ष झाले. टाळ्या वाजवणारे पुढं लाजेनं शेठजींच्या दुकानावरून जाईनात.

आठवड्यानं शेठजी माझ्या ओसरीवर येऊन बसले. फार वाळलेले दिसले.

"गुरुजी, एक मानूस थांबा म्हनला नाही हो. मी जातो म्हनून टाळ्या पिटल्या."

ते राहणार म्हणून त्या टाळ्या होत्या. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी विचारलं, "शेठजी, चहा घेणार?"