युरिया वरचा, विहीर खालची

विहिरींचं पाणी आणि रानाची माती तपासायला गोळा करत हिंगोली जिल्हा पालथा घालायचा, हे माझं आणि कांबळे मॅडमचं काम. बाटल्या लॅबला जातात, किस्से मात्र आमच्याच गळ्यात पडतात!

आखाडा बाळापूरकडच्या एका काकांकडं विहिरीचं पाणी भरायला बाटली ठेवली होती. रिपोर्ट आला एकदम झकास! विहिरीला लागून उकिरडा, आणि पाणी असं? मॅडम चाटच पडल्या. विचारलं तर काका म्हणाले, "हापिसात जायचं व्हतं म्हून जारचं भरलं. पाव्हण्याला खराब पाणी देते का कोनी?"

कनेरगाव नाक्याजवळ एक मावशी काळ्या रानाच्या भेगांत मुठीनं युरिया टाकत होत्या. "मुळाला लवकर पोचावं म्हून!"

"अहो मावशी, भेगेतून तो सरळ विहिरीत उतरतो!"

"मंग बराबर हाय की. विहिरीचं पाणी पिकालाच तर देतो आमी!"

गाडीत बसेपर्यंत मी हसत होतो.

पण पुसेगावकडचा किस्सा तर कहर! दोघं भाऊ, बोलणं बंद. थोरले नामदेवकाका उतारावर, मुरमाड रानात. धाकटे किसनकाका पायथ्याला. किसनकाकांच्या विहिरीत खतातून उतरणारं नायट्रेट भरमसाट निघालं, आणि घरात दोन महिन्यांची नात, त्याच पाण्यात कालवलेलं डब्याचं दूध पिणारी!

"उकळूनही जात नाही हे. बाळाला थेंबभरसुद्धा देऊ नका," मॅडम म्हणाल्या.

"पर म्या तर यंदा युरिया टाकलाच न्हाई!"

आम्ही तडक वर गेलो. खताचं विचारताच नामदेवकाका भडकलेच. "त्याच्या विहिरीत खत टाकायला जाऊन राहिलो का मी?"

मॅडमनी त्यांच्याच रानात बादलीभर पाणी ओतलं. मुरमानं ते बघता बघता गिळलं! "खत घेऊन हे असंच उतारानं खाली जातं, काका."

काका त्या ओल्या डागाकडं बघत राहिले. "लेकरू बरं हाय ना?" एवढंच विचारलं.

त्यांची स्वतःची विहीर रानाच्या वरच्या टोकाला, गायरानाला लागून. तिच्या वरच्या बाजूला खत टाकणारं कोणीच नाही, म्हणून पाणी चांगलं निघालं.

आठ दिवसांनी गेलो तर काय! नामदेवकाकांच्या विहिरीजवळच्या हौदातून काळा पाईप थेट किसनकाकांच्या अंगणात, आणि सूनबाई हंडा भरतायत! मला इतका आनंद झाला की धावतच वर गेलो.

"काका, एवढ्या लांब पाणी न्यायला मोटर कुठली लावली?"

"मोटर काहून पायजे? युरिया गेला तवा लावली व्हती का?"