वर्षभर पहिला नंबर

माझी मुलगी स्टॉक कार रेसिंगमध्ये नोकरी करते, हे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळात कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे मेकॅनिक?"

मी म्हटलं, नाही, इंजिनिअर. टायर किती झिजले, पेट्रोल किती उरलं, टायर-पेट्रोलसाठी गाडी ट्रॅकवरून आत कधी घ्यायची, हे गणित ती करते.

"इथं दारात एवढ्या कंपन्या असताना त्यासाठी नॉर्थ कॅरोलायनाला?"

मी म्हटलं, बहुतेक टीम तिकडेच आहेत. मलाही तो खेळ सुरुवातीला कळत नसे. शोरूममध्ये मिळते तशी दिसणारी गाडी, लंबगोल ट्रॅक आणि तीन-तीन तास डावीकडे वळणं. पण गुणतक्ता कळला. प्रत्येक शर्यतीचे गुण, त्यांची बेरीज, बेरजेप्रमाणे क्रम. दर सोमवारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी तो तक्ता बघायचो. ज्या वर्षाबद्दल लिहितोय त्या वर्षी तिची टीम वसंतात तिसरी होती, जूनमध्ये पहिली झाली आणि मग पहिलीच राहिली. टीम छोटी, ड्रायव्हर पंचविशीतला, फारसा बोलत नसे. फार शर्यती जिंकल्या असंही नाही. पण गाडी जवळजवळ दर आठवड्याला पहिल्या पाचांत यायची. मला ते आवडायचं. मी स्वतः तसाच विद्यार्थी होतो.

आता नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वर्षभर गुण जमवायचे. शरद ऋतू आला की प्लेऑफ सुरू होतो आणि वरच्या टीमांचे गुण जवळपास सारखे केले जातात. मग चाळणी लावत लावत चार उरतात. शेवटच्या शर्यतीत त्या चौघांपैकी जो सर्वांत पुढे येईल तो वर्षाचा विजेता. वर्षभराची बेरीज त्या दिवशी कोणी विचारत नाही.

"हे म्हणजे बारावीला बोर्डाचे सगळे पेपर द्यायचे आणि निकाल तोंडी परीक्षेवर लावायचा," मी मुलीला फोनवर म्हणालो.

"बाबा, टीव्हीला ड्रामा हवा असतो. प्रायोजकांना टीव्ही हवा असतो."

प्रायोजक. त्या खेळात एकही वस्तू बिननावाची नाही. शर्यतींच्या अख्ख्या मालिकेचंच नाव एका कंपनीचं. ती कंपनी गेली की मालिकेचं बारसं पुन्हा. माझी बायको जुनंच नाव घ्यायची आणि मुलगी तिकडून ओरडायची, "आई, लोकांसमोर ते नाव नको घेऊस, प्लीज!" शर्यतीला वेगळ्या कंपनीचं नाव, गाडीला वेगळ्या, टोपीला आणखी वेगळ्या. आमच्या मुलीच्या गाडीवर गवत कापायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचं नाव होतं. त्या कंपनीने ऑगस्टमध्ये टीमच्या मालकाला स्वच्छ सांगितलं होतं: विजेतेपद आलं तर पुढच्या वर्षी आहोत, नाही तर नाही. ती कंपनी गेली तर टीम बंद, टीम बंद तर मुलीची नोकरी गेली. तिने हे मला सांगितलं आणि आईला सांगू नको म्हणाली. मी त्याच दिवशी आईला सांगितलं. आमच्या घरात आकडे लपवत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये मंडळाची दिवाळी आली. अध्यक्ष नागपूरचे, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे, उत्साही गृहस्थ. त्यांनी कुठून तरी ऐकलं की आमची मुलगी "अमेरिकेत पहिली" आहे. त्यांचा फोन आला.

"अहो, सत्कार ठेवतोय. शाल, श्रीफळ. ती येऊ नाही शकत तर तुम्ही दोघं घ्या."

मी म्हटलं, अजून फायनल व्हायची आहे.

"वर्षभर कोण पहिलं आहे?"

"ती. म्हणजे तिची टीम."

"मग झालं तर! वर्षभर पहिल्या येणाऱ्या पोरीला शेवटच्या दिवशी कोण नापास करतं का?"

मी नियम समजावायला लागलो. ते म्हणाले, "यार, तुम्ही फार टेक्निकल बोलता." बायको फोनजवळच उभी होती. तिने मान डोलावली आणि मी हो म्हणून टाकलं. लग्नाच्या वयाची मुलगी मोटारींच्या मागे लागली आहे, हे तिने या लोकांच्या तोंडून बरीच वर्षं ऐकलं होतं. तिला ती शाल हवी होती.

शाळेच्या सभागृहात, एका घरविक्री एजंटच्या सौजन्याने साजऱ्या झालेल्या दिवाळीत, आम्हा दोघांना स्टेजवर बोलावलं. निवेदिकेने "राष्ट्रीय विजेती" म्हटलं. टाळ्या पडल्या. शाल ज्या पिशवीतून दिली तिच्यावर त्या एजंटचा हसरा फोटो आणि फोन नंबर होता. मंडळालाही प्रायोजक होताच. पहिल्या रांगेतल्या एक काकू बायकोला म्हणाल्या, "तेव्हा बोलले ते मनावर घेऊ नका हं." बायको घरी येईपर्यंत हसत होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आम्ही गाडीने अॅरिझोनाला गेलो. आमची टीम शेवटच्या चौघांत पोचली होती आणि फायनल फीनिक्सजवळ होती. बायकोने फराळाचा मोठा डबा घेतला होता. सकाळी मुलीने आम्हाला गॅरेजमध्ये नेलं. तिथे टायर बदलणारा एक धिप्पाड माणूस चकली हातात फिरवत म्हणाला, "मॅम, ही तर ट्रॅकपेक्षा जास्त वळते." बायकोने त्याला आणखी चार दिल्या. मुलगी बोलत कमी होती. तिने कानावर हेडफोन चढवले, आईच्या डब्यातला एक लाडू खाल्ला आणि म्हणाली, "जा आता. वर बसा."

वर आमच्या शेजारी एक म्हातारे गोरे गृहस्थ होते, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर वीसेक वर्षांपूर्वीच्या प्रायोजकाची टोपी. मी कोणाच्या बाजूने आहे ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि वाद सुरू झाला. ते म्हणाले, फुटबॉलला प्लेऑफ चालतो, बेसबॉलला चालतो, मग इथे रडता कशाला? मी म्हणालो, फुटबॉलच्या फायनलला मैदानावर दोनच संघ असतात. इथे चौघांची फायनल, आणि ट्रॅकवर आणखी तीसेक गाड्या ज्यांना त्या निकालाशी देणंघेणं नाही. त्यांनी दुर्बिणीची काच शर्टाला पुसली. मग म्हणाले, "पोरा, तू सोबत बसायला कंटाळवाणा माणूस आहेस, पण मुद्दा बरोबर आहे."

त्या चौघांत आमची गाडी पुढे होती. शेवटच्या दहाएक फेऱ्या उरल्या तेव्हा मागच्याशी चांगलं अंतर होतं. बायको माझ्या दंडाला धरून बसली होती. तेवढ्यात, विजेतेपदाच्या चुरशीत नसलेली, कुठे तरी पंचविसावी चाललेली एक गाडी स्वतःहून घसरली आणि भिंतीला घासली. पिवळा झेंडा. म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करून एका रांगेत यायचं. पुढच्याने तासाभरात कमावलेलं अंतर तिथेच पुसलं जातं. आम्ही आत येऊन चारही टायर बदलले, म्हणजे थांबण्यात वेळ जास्त, पण नंतर वेगही जास्त. चौघांतला दुसरा एक जण वेळ वाचवायला दोनच बदलून आमच्या पुढे निघाला. पुन्हा सुरुवात झाली, फेऱ्या कमी होत्या, आणि आमची गाडी त्याच्या मागून एका गाडीच्या अंतराने आली.

म्हाताऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चांगला माणूस.

खाली मुलगी हेडफोनची वायर गुंडाळत होती, फार नीट, एकावर एक. "चार टायर हे बरोबर उत्तर होतं," ती मला म्हणाली. "आणखी सहा फेऱ्या असत्या तर गाठलं असतं."

"मला माहीत आहे."

"हो, पण त्यांना नाही." तिने गवत कापणाऱ्या कंपनीच्या पाहुण्यांकडे बघितलं. ते बसकडे निघाले होते.

कंपनीने शब्द पाळला. दोन आठवड्यांत टीम बंद झाली. मुलीने पाच-सहा टीमांना विचारलं. सगळीकडे एकच उत्तर: तू चांगली आहेस, आमच्याकडे प्रायोजक नाही. नाताळाआधी ती फ्रीमाँटला परत आली. आता सॅन होजेच्या एका ऑफिसात, लोक कोणत्या जाहिरातीवर किती सेकंद थांबतात ते मोजते. मंडळात कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. अध्यक्ष दुकानात भेटले तेव्हा म्हणाले, "शाल ठेवा हो, शाल परत थोडीच मागतोय आम्ही." त्यांना ते दिलासा देणं वाटलं.

आणि जानेवारीत रेसिंगवाल्यांनी नियम बदलला. म्हणे चाहत्यांचं म्हणणं ऐकलं. एका शर्यतीची फायनल रद्द. आता प्लेऑफमधल्या सगळ्या शर्यतींच्या गुणांची बेरीज. टीव्हीवर एक अधिकारी सांगत होते की वर्षभराच्या कामगिरीला आता योग्य न्याय मिळेल. अध्यक्षांचा लगेच फोन आला, "मग आता तुमच्या मुलीला देतील का ते विजेतेपद?" मी फोन ठेवून दिला. असं मी कधी करत नाही.

मग मी बसून बेरीज केली. जुन्या वर्षाच्या निकालांना नवा नियम लावला. दोनदा तपासलं. आमची टीम नऊ गुणांनी पहिली येत होती. जेवताना मी मुलीला ते सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"आय नो. नऊ," ती म्हणाली. "मी पण काढलंय."

"मग?"

"मग काय? नियम वेगळा असता तर सगळ्यांनी वेगळं ड्राइव्ह केलं असतं, बाबा. आम्हीसुद्धा. त्या आकड्याला काही अर्थ नाही." तिने पोळीचा तुकडा मोडला. "तुला हे कळायला हवं होतं."

ते खरं होतं, आणि मला ते आधी सुचलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे बघितलं, मग तिला आमटी वाढली. मुलगी जेवून उठली. सकाळी लवकर निघावं लागतं, आठनंतर फ्रीवे तुंबतो. ती म्हणाली, रोज तेच तेच वळण, निदान इथे उजवीकडेपण वळता येतं.

आम्ही दोघंही हसलो नाही.