फिकी आमटी

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाची सगळी तयारी वेळेत झाली होती. अडले ते हळदीवर. महाराजांनी राधानगरीला धरणाचे काम काढले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. हळद प्रभूनेच निर्मिली, नवरीला लावल्याने कोणत्याही मूर्तीची पूजा होत नाही, असे माझे मत होते आणि आजही आहे. आमच्या चर्चच्या पाळकांनीही हरकत घेतली नाही. पण उचगावच्या बायजाने निरोप धाडला की हळद असेल तर ती लग्नाला येणार नाही. त्या रविवारी ती उपासनेलाही आली नाही. बायजा पूर्वीची देवीला सोडलेली जोगतीण, बाप्तिस्मा अलीकडचा. ती परत देवीच्या दारी जाईल, अशी धास्ती साऱ्या मंडळीला वाटू लागली.

शास्त्रातली वचने मनात जुळवून मी उचगावला निघाले. चांगल्या बैलगाड्या धरणाकडे गेलेल्या, म्हणून मिळाली ती जुनीच. तिच्या चाकांचा कणा नेमका बायजाच्या दारात मोडला. चार शब्द सांगून लगेच परतण्याचा माझा बेत तिथेच संपला.

"आता जेवल्याबिगर सुटका न्हाय, बाई," म्हणत बायजाने ताट वाढले. आमटी पांढरट होती.

"हळद संपली का गं?"

"घरात आणतच न्हाय. देवीचा भंडारा म्हंजी हळदच की. कपाळाला फासून निम्मं आयुष्य गेलं. अजून वास आला की हात आपसूक कपाळाकडं जातोय. मग मी कुणाची, मलाच कळत न्हाय. तुमची हळद वंगाळ न्हाय, बाई."

वचने पाठ होती. मी एकही न उच्चारता जेवले.

लग्नात नवरीला नुसते खोबरेल लावले, तेही बायजाने. पंगतीला आमटी फिकी.

"विहीणबाई, आमटी आजारी हाय व्हय?" व्याह्यांनी टोमणा मारला.

"मग दोनदा वाढती की, पावणं. वाटी पुढं करा," बायजा म्हणाली. पंगत हसली.

कणा तिथेच का मोडला, हे मी कुणाला पटवून देत नाही. वाटेत मागेच कुठे मोडला असता तर मी घरी परतले असते. मोडलाच नसता तर वचने ऐकवून आले असते. दोन्हीकडून बायजा दुरावली असती. प्रभूने मला तिच्या ताटावर बसवले, त्याचे उपकार मानते. माझे मत मी सोडलेले नाही, फक्त त्याच्या हाती दिले आहे. हळदीचा डबा फळीवरच असतो. बायजा जेवायला येणार असली की तो उघडत नाही.