दागिने नकोत

उद्या पहाटे आमची मुलगी तिच्या आईला जंगलात नेणार आहे. दोराला लटकून दरी ओलांडायची, कड्यावरून खाली उतरायचं, मग रबरी होडीतून नदीच्या खळाळात शिरायचं. सगळं एका दिवसात. माझे गुडघे धड नाहीत, म्हणून मी घरीच. दुपारपासून पिशवी भरायला मदत करतोय, म्हणजे जळवांवर टाकायच्या मिठाची पुरचुंडी बांधतोय, सोडतोय, पुन्हा बांधतोय.

सहल नेणाऱ्यांकडून आलेल्या सूचनांत एक ओळ होती : अंगावर दागिने नकोत. ही आरशासमोर गेली आणि तिने मंगळसूत्र काढलं. इतक्या वर्षांत तिचा गळा असा मोकळा मी पाहिलाच नव्हता. मण्यांच्या जागी फिकट रेघ उमटली होती. भीतीला बसायला कुठेतरी जागा लागते. दरी मी पाहिलेली नाही, नदीही नाही. मग ती सकाळपासून घरभर भिरभिरणारी भीती त्या रेघेवरच येऊन बसली. एवढीशी मान, आणि उद्या सगळा भरवसा एका दोरावर.

‘जाऊ नकोस’ ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिने पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं. गाठ मारली, ओढून पाहिली आणि वर आणखी एक मारली.

"भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"वाटते ना," ती म्हणाली. "मी परत येईपर्यंत तुम्ही स्कूटर काढू नका."